नको म्हणायची रीत

घर पासिर रिसला असताना विद्यापीठाच्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, खोली कशाला हवी, हा बाबांचा प्रश्न तसा बिनतोड होता. विद्यापीठ सिंगापूर बेटाच्या पश्चिमेला आणि आम्ही अगदी पूर्वेला, म्हणजे सव्वा तास जायला आणि सव्वा तास यायला. पण एवढा प्रवास इथे शाळेतली पोरंसुद्धा करतात. बाबा स्वतः रोज तांजोंग पगारच्या ऑफिसला उभ्याने जातात आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही आहे. आईचा मुद्दा वेगळाच होता. "तिथे आपलं कोण आहे?" ती म्हणाली. मी म्हणाले, "कोणी नाही, म्हणूनच जायचंय." तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

तीन आठवडे भांडण चाललं. मी अबोला धरला, आईनेही धरला, आणि बाबा मधल्या मध्ये निरोप पोचवत राहिले. शेवटी आईनेच मुदत घातली. "एक वर्ष राहा. मग मुकाट्याने घरी यायचं." मी म्हणाले, "दुसऱ्या वर्षी खोली मिळाली तर मी राहणार." "मिळाली तर," आई म्हणाली, आणि मिळणार नाही हे ठाऊक असल्यासारखी भाजी चिरायला लागली.

हॉलचा नियमही तिच्याच बाजूचा होता. पहिल्या वर्षी अर्ज करून खोली मिळायची. दुसऱ्या वर्षी मात्र खोल्या सहा-सहाच्या गटाने द्यायचे. मध्ये एक बसायची खोली, तिच्याभोवती सहा खोल्या, आणि त्यासाठी सहा मुलींनी मिळून नावं द्यायची. ज्यांचा गट जमला नाही त्यांना उरल्यासुरल्या खोल्या, आणि त्यातही ज्यांचं घर सिंगापुरातच आहे त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. थोडक्यात, मार्च महिन्यापर्यंत माझ्याबरोबर राहायला तयार असलेल्या पाच मुली मला हव्या होत्या. ऑगस्टमध्ये मला हे फारच सोपं वाटलं होतं.

मुलींच्या ब्लॉकच्या पाचव्या मजल्यावर आम्ही चौदाजणी होतो. मजल्याची कप्तान तिसऱ्या वर्षाची, ताडमाड उंच मुलगी. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला कॉरिडॉरमध्ये मांडी घालून बसवलं आणि सांगितलं, "इथे आपण शेजारणी नाही, बहिणी आहोत. एकीने हाक मारली की तेराजणी बाहेर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहीजणी हसल्याही, पण मी हसले नाही. मला भावंड नाही. शनिवार-रविवारी आईबाबांच्या मित्रमंडळींकडे जायचं आणि त्यांच्या मुलांशी तीन तास गोड वागायचं, एवढाच माझा गोतावळा. मला त्या तेराजणी अगदी मनापासून हव्या होत्या.

माझ्या शेजारच्या खोलीत यिशुन नावाच्या उपनगरातली एक मुलगी होती. केस कानाच्या वर कापलेले आणि भूक कायम लागलेली. पहिल्याच संध्याकाळी साडेसहाला तिने दार वाजवलं.

"समोरच्या हॉकर सेंटरला जेवायला चाललोय. येतेस?"

मला सडकून भूक लागली होती. पर्स खांद्यावर होती, चपला पायात होत्या. मी म्हणाले, "नको नको, तुम्ही जा."

"ओके," ती म्हणाली आणि गेली.

मी दारात उभी राहिले. लिफ्ट आल्याचा आवाज झाला, लिफ्ट बंद झाल्याचा आवाज झाला. मग मी खोलीत येऊन आईने दिलेल्या डब्यातल्या चकल्या खाल्ल्या, आठ की नऊ.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी तेच. कप्तानने हॉलच्या नेटबॉल संघासाठी विचारलं. शाळेत मी चार वर्षं नेटबॉल खेळले होते, तरी म्हणाले, "छे, मला कुठे येतंय." तिने मान डोलावली आणि पुढच्या मुलीकडे वळली. मजल्याचे टीशर्ट छापायचे होते, पाठीवर प्रत्येकीचं लाडकं नाव. "तुझं काय छापू?" म्हणून विचारणा झाली. मी म्हणाले, "माझं राहू दे, काही छापलं नाही तरी चालेल." त्यावर कुणी तरी म्हणेल की असं कसं, आम्ही ठेवतो तुझं नाव, अशी माझी खात्री होती. कुणी म्हणालं नाही.

महिन्याभरात दारावरची टकटक थांबली. साडेसहाला चपलांचे आवाज यायचे, हसणं यायचं आणि माझ्या दारावरून सरळ पुढे जायचं. मग मी फुगले. फुगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आईला फोन करून सांगायला लागले की इथे सगळं वरवरचं आहे, बहिणीबिहिणी म्हणायच्या गोष्टी, त्या आपापसांत मँडरिनमध्ये बोलतात, मी समोर असले तरी. त्यात थोडं तथ्य होतं. पण मजल्यावर दोन मलय मुली होत्या, एक तमिळ होती, आणि त्या तिघी रोज साडेसहाला सगळ्यांबरोबर लिफ्टमध्ये असायच्या. हा तपशील मी आईला कधी सांगितला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला शाळेत असल्यापासून पाठ होती. ती दुसऱ्यांसाठी असते असा माझा समज होता.

आई फोनवर हळहळायची, पण तिच्या आवाजात एक सुखही असायचं. "मी सांगितलंच होतं," हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही. "शुक्रवारी येतेयस ना? तुझ्या आवडीची आमटी करते," एवढंच म्हणायची. मी दर शुक्रवारी जायला लागले.

ऑक्टोबरमधल्या अशाच एका शनिवारी दुपारी मी घरी सोफ्यावर लोळत पडले होते. त्या सकाळी आमच्या हॉलच्या मुली पासिर रिसच्या किनाऱ्यावर कचरा गोळा करायला आल्या होत्या. किनारा आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी नाव दिलं नव्हतं. मला कुणी "तुझ्याच गावात येतोय, तू हवीसच" असं म्हटलं नव्हतं ना. तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात यिशुनची मुलगी, पायांना घोट्यापर्यंत वाळू, हातात प्लास्टिकची पिशवी. कप्तानकडून पत्ता घेऊन ती माझा टीशर्ट द्यायला आली होती. सगळ्यांचे वाटून झाले होते, माझाच उरला होता. मी उघडून पाहिला. पाठ कोरी होती.

आई बाहेर आली. "ये ये, आत ये. काहीतरी खाऊन जा," ती इंग्रजीत म्हणाली.

आता, दुपारी तीनला आमच्या स्वयंपाकघरात काहीही नसतं. ओटा पुसलेला असतो आणि आईची झोपायची वेळ असते. पण दारात आलेल्याला असं म्हणावंच लागतं. पाहुण्याने म्हणायचं, नको नको, कशाला त्रास. आईने म्हणायचं, निदान चहा. पाहुण्याने म्हणायचं, आत्ताच झाला. मग आईने म्हणायचं, बरं, सरबत तरी, आणि पाहुण्याने अर्धा ग्लास सरबत पिऊन निघायचं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात आणि दोन्ही बाजूंचा मान राहतो.

"कॅन, आँटी! थँक यू!" यिशुनची मुलगी इथल्या इंग्रजीत सरळ हो म्हणाली. "सकाळपासून काहीच खाल्लं नाही. पाय कुठे धुऊ?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही हसू येतं. पुढचे संवाद तिच्या तोंडात तयार होते आणि ते तसेच राहून गेले. मग ती आत गेली, भाजणीचा डबा काढला, कांदा चिरला आणि थालीपिठं थापायला लागली.

पहिलं थालीपीठ लोण्याबरोबर दोन मिनिटांत संपलं. "अजून एक?" आईने विचारलं. "येस प्लीज, आँटी." आई खूश झाली. माझ्या वाटेला न आलेलं कौतुक तिच्या डोळ्यांत दिसायला लागलं. दुसरंही संपलं. "अजून?" "नो, आँटी, पोट भरलं. थँक यू." आईने तिसरं तिच्या ताटात टाकलं. "अगं, एवढंसं तर आहे." मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं आणि खाल्लं. चौथ्याच्या वेळी तिने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. आईने बाजूने अर्धं सरकवलंच. तेही तिने खाल्लं, मधेमधे पाणी पीत, चेहरा लाल करून.

मी तिला खाली सोडायला गेले. लिफ्टमध्ये ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "तुझी आई खूप छान आहे. पण ऐकतच नाही. मी नाही म्हणते, तरी वाढते."

मी मोठ्या जाणतेपणाने हसले. तिला समजावून सांगितलं की आमच्यात पहिलं नको धरत नाहीत, ते शिष्टाचाराचं असतं. दुसरंही तसंच. तिसऱ्यांदा म्हटलं तर विचार करतात. लहानपणी एका काकूंनी चकल्यांची ताटली पुढे केली आणि मी पहिल्याच वेळी हात घातला, तेव्हा आईने टेबलाखालून मांडीला काढलेला चिमटाही मी तिला सांगितला. हावरटासारखं करायचं नाही, लोकांनी आग्रह केला की मग घ्यायचं. आमच्या लग्नपत्रिकांवरसुद्धा आग्रहाचं निमंत्रण असं छापलेलं असतं, हेही सांगितलं. मी अगदी रंगात आले होते.

लिफ्ट खाली पोचली. दार उघडलं तरी ती बाहेर पडेना.

"मग मी जेवायला बोलवायचे तेव्हा?" ती म्हणाली. "तू नको म्हणायचीस तेव्हा?"

मी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं.

"मी रोज विचारत होते. मला वाटलं, तुला आम्ही आवडत नाही. मग मीच सगळ्यांना सांगितलं, तिला त्रास देऊ नका, तिला एकटीला राहायला आवडतं."

खरं सांगते, मला आधी लाज वाटली नाही, राग आला. मी म्हणाले, "एकदा अजून विचारलं असतंस तर काय झिजली असतीस का?"

"तू एकदा हो म्हणाली असतीस तर तू झिजली असतीस?" ती म्हणाली. मग तिने आईला पुन्हा थँक यू सांग म्हटलं आणि स्टेशनकडे चालती झाली.

मी आमच्या इमारतीखालच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आमची संस्कृती, आमचे संस्कार, तुम्हाला काय कळणार वगैरे. संध्याकाळी तर मी मजल्याच्या ग्रुपवर टाकायला एक लांबलचक मेसेज लिहिला, मराठी माणसांचा आग्रह नावाची गोष्ट समजावून सांगणारा. वाचायला छान झाला होता. मग पाठवण्याआधी एकदा वाचला, आणि त्यात एक गोष्ट खोटी आहे हे मला दिसलं.

मी चार वर्षांची असताना या देशात आले. इथल्या शाळेच्या कँटीनमध्ये कुणी "घेणार का" विचारलं की मी लगेच "घेणार" म्हणत मोठी झाले. दुकानात, ग्रंथालयात, बसमध्ये मी कधी कुणाला तीनदा विचारायला लावलं नाही. मला दोन्ही रीती चांगल्या ठाऊक होत्या. नको म्हणायची रीत मी फक्त तिथे काढायचे, जिथे माझी मनधरणी व्हावी असं मला वाटत असे. लग्नात वरमाय जशी मानपानासाठी कोपऱ्यात रुसून बसते, तशी मी माझ्या खोलीत बसले होते. आणि त्या तेराजणींना बिचाऱ्यांना लग्न चालू आहे हेच माहीत नव्हतं. मी मेसेज पुसून टाकला. चूक त्यांची नव्हती, आईची नव्हती, संस्कृतीची तर मुळीच नव्हती. ती माझी होती आणि मार्चला पाच महिने उरले होते.

सोमवारी मी ठरवलं, पहिल्या विचारण्याला हो. कुणी काहीही विचारो. आणि विचारायला आता कोणी येणार नव्हतं, म्हणून साडेसहाला मीच जाऊन लिफ्टपाशी उभी राहिले. "मीही येते," मी म्हणाले. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. यिशुनच्या मुलीने फक्त सरकून जागा केली.

त्या हो म्हणण्याने मला काय काय करायला लावलं, सांगायची सोय नाही. सकाळी सहाला पळायला गेले. ड्युरियन नावाचं उग्र वासाचं फळ खाल्लं, आणि ज्यांनी ते खाल्लंय त्यांना पुढचं सांगायला नको. हॉलच्या नाटकात मला झाडाची भूमिका होती, पाऊण तास दोन्ही हात वर धरून. कप्तानकडे जाऊन मी सांगितलं की मी खोटं बोलले होते, मला नेटबॉल येतं. ती म्हणाली, "संघ भरलाय. राखीवमध्ये चालेल?" चालेल, मी म्हणाले. डिसेंबरपर्यंत मी बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. मनात येई, अरे, त्या तिच्यापेक्षा मी बरी खेळते. मग मी स्वतःला बजावायचे, ऑगस्टमध्ये बोलायचं होतंस. मँडरिनमध्ये हशा पिकला की पूर्वी मी मान फिरवून बसायचे. आता मी सरळ विचारायचे, "काय झालं? मलाही सांगा." बहुतेक वेळा विनोद सांगण्यासारखा नसायचा, पण त्या सांगायच्या.

घरी दर शुक्रवारी जाणं मी बंद केलं. आईला ते लागलं. मलाही लागलं, पण मी गेले नाही.

मग कुणी विचारलं की हो म्हणायच्या बाजूचं मला जमायला लागलं, आपण विचारायच्या बाजूचं मात्र जमेना. जानेवारीत एकदा मी मजल्याच्या छोट्या स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी करायचं ठरवलं. ग्रुपवर टाकलं, "रविवारी सकाळी खिचडी करतेय, कुणाला वेळ असेल तर या, नसेल तर काही हरकत नाही." मोठं पातेलंभर खिचडी केली आणि दोघीच आल्या. माझा पारा चढला. यिशुनची मुलगी त्या दोघींपैकी एक होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेत शांतपणे सांगितलं, "तू बोलावलंसच कुठे? तू म्हणालीस, नाही आलात तरी चालेल. मग नाही आल्या." ती बरोबर होती. कुणी नाही म्हणायच्या आत मीच त्यांच्या वतीने नाही म्हणून मोकळी झाले होते, म्हणजे मला लागायला नको. मी पातेलं उचललं आणि दारोदार गेले. "खिचडी केलीय. तुझ्यासाठी. चल, खायला ये." दारापाशी थांबून, डोळ्यांत बघून. हात भाजत होते. पातेलं जवळजवळ रिकामं झालं.

मार्चमध्ये गटांचे अर्ज निघाले. आता मला कुणी विचारील म्हणून वाट बघायची नाही, एवढं मला कळलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी शेजारचं दार वाजवलं. "तुमच्या गटात मला घ्याल? सहावी म्हणून?"

यिशुनच्या मुलीचा चेहरा उतरला. "आमच्या सहाजणी ठरल्या," ती म्हणाली. "नोव्हेंबरमध्येच ठरल्या. तेव्हा तू नुकतीच यायला लागली होतीस. सॉरी."

मी तिथे उभी राहिले. खरंच सांगते, माझ्या मनाचा एक कोपरा दुसऱ्या वाक्याची वाट बघत होता. बघते काही जमतं का, असं काहीतरी. पण ती नाही म्हणाली होती, आणि तिच्याकडे नाही म्हणजे नाही. मी म्हणाले, "ठीक आहे. विचारायला मलाच उशीर झाला." खोलीत आले आणि रडले. ऑगस्ट आणि सप्टेंबर मी फुगण्यात घालवले होते आणि ते दोन महिने आता मला कुणी परत देणार नव्हतं. आईला फोन करावा असं फार वाटलं. आमटी करते, ये, असं ती म्हणाली असती, आणि मी गेले असते. म्हणून फोन केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मजल्यावरच्या, मग खालच्या मजल्यावरच्या, कुणाचा गट झालेला नाही अशा मुली शोधायला लागले. तमिळ मुलगी हो म्हणाली. दोन मलय मुली एकमेकींना सोडून राहणार नव्हत्या, त्या दोघी आल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक अबोल मुलगी होती, तिच्याशी मी नेटबॉलच्या बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या होत्या, ती आली. चारजणी मला तोंडावर नाही म्हणाल्या आणि मी मेले नाही. अर्ज बंद व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही पाच होतो. सहावी मिळेना.

आमच्या मजल्यावर आता एकच मुलगी उरली होती, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतली. तिच्याबद्दल मी अजून काही बोलले नाही, त्याला कारण आहे. सप्टेंबरमध्ये माझ्या मोहरीच्या फोडणीने धुराचा भोंगा वाजला होता आणि अख्खा ब्लॉक खाली उतरला होता. परत वर आल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तिचं जेवण म्हणजे वास." मीही तिला बरंच काही सुनावलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. ती कुणाशीच फारशी बोलत नसे. तिचं घर सिंगापुरातच, सेंगकांगला, म्हणजे गट जमला नाही तर तिलाही खोली मिळणार नव्हती.

दुपारी चारला मी तिचं दार वाजवलं. तिने अर्धं उघडलं.

"आमच्या गटात सहावी जागा आहे," मी म्हणाले. "तू ये."

"मला का विचारतेस? तुला मी आवडत नाही."

"फार नाही आवडत," मी म्हणाले. "पण ये."

ती हसली नाही. ती दाराला टेकली. मग म्हणाली, "त्या रविवारी तू पातेलं घेऊन आली होतीस ना. मी ऐकत होते. आधी पलीकडचं दार वाजलं, मग शेजारचं वाजलं. मी उठून चप्पल घातली होती. मग तू परत गेलीस."

त्या दिवशी पातेल्यात दोन वाढणी खिचडी शिल्लक होती. मी तिच्या दाराकडे पाहिलं होतं, मोहरीचा भोंगा आठवला होता आणि वळले होते. ती परत नेऊन मीच खाल्ली होती. आपल्याला कोणी विचारत नाही याचा हिशेब मी सहा महिने बोटांवर ठेवला होता, आणि माझ्या बोटांवर ही मुलगी कुठेच नव्हती.

मला सांगता आलं असतं की तूच आधी बोलली होतीस. ते खरंही होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुझं दार मी मुद्दाम सोडलं. तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारतेय. येशील?"

"मोहरी जाळणार असशील तर खिडकी उघडायची."

"उघडीन."

"ओके," ती म्हणाली. मग तिने दार पूर्ण उघडलं, खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले, मला बसायला सांगितलं आणि अर्ज भरायला लॅपटॉप उघडला.